ओल्ड ट्रॅफर्ड: एक सामना, एक टूर आणि दोन खुर्च्या

मँचेस्टरला गेल्यावर ओल्ड ट्रॅफर्डची, म्हणजे मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबच्या मैदानाची, स्टेडियम टूर करावी का, असं तालमीतल्या चार-पाच जणांनी विचारलं, म्हणून सविस्तर लिहितोय. टूर डोळे झाकून करा. सामन्याचं तिकीट मात्र डोळे उघडे ठेवून काढा. आणि तिथं बसून स्वतःचा संघ हरताना बघितला की काय होतं, तेही सांगून ठेवतो. मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी कोल्हापूरचा. उद्यमनगरात दोन लेथचं वर्कशॉप आहे. तालमीच्या फुटबॉल संघाकडून आठ मोसम राइट बॅक, म्हणजे उजव्या बाजूचा बचावपटू, खेळलो, त्यातले बरेचसे शाहू स्टेडियमवर. युनायटेडचं वेड १९९९ च्या चॅम्पियन्स लीग फायनलपासूनचं. आपल्याकडं मध्यरात्री सव्वाबाराला सुरू झालेला तो सामना, इंज्युरी टाइममधले ते दोन गोल आणि पेठेत पहाटे वाजलेले फटाके. माझी मुलगी तेव्हा जन्मलीही नव्हती. आता ती मँचेस्टरला एमएस्सी करते. २०२५ च्या ईस्टरच्या सुट्टीत तिनं बोलावलं आणि म्हणाली, "पप्पा, रविवारी मॅच आणि मंगळवारी टूर, दोन्ही करू." २० एप्रिल २०२५ चा वुल्व्ह्जविरुद्धचा सामना आणि २२ एप्रिलची टूर.

आधी तिकिटाचं सांगतो, कारण तिथं आम्ही फसलो. क्लबचं सभासदत्व घेऊन क्लबकडूनच तिकीट काढायचं, हा सरळ रस्ता. आम्हाला उशीर झाला, म्हणून एका साइटवरून घेतलं. नाव लिहीत नाही. दोन तिकिटं शेजारची म्हणून पैसे घेतले, छापील किमतीच्या दुपटीपेक्षा जास्त, आणि हातात आली ती वेगवेगळ्या रांगांतली. पोरगी माझ्यामागं पाच रांगा. इंग्लंडमध्ये फुटबॉलची तिकिटं अशी परस्पर विकणं कायद्यानं गुन्हा आहे, हे नंतर कळलं. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. महिनाभर आधी ठरवा, क्लबकडूनच घ्या, नाही मिळालं तर नुसती टूर करा.

ट्रामनं जाणार असाल तर आणखी एक. 'ओल्ड ट्रॅफर्ड' नावाचा स्टॉप क्रिकेटच्या मैदानाला लागून आहे. फुटबॉलचं मैदान तिथून दहा मिनिटं चालत. आम्ही मुद्दाम तिथंच उतरलो. १९९० च्या ऑगस्टमध्ये सचिननं याच मैदानावर कसोटीतलं पहिलं शतक केलं, नाबाद ११९, वय १७. गेटसमोर दोन मिनिटं उभा राहिलो आणि मग लाल मफलरवाल्या गर्दीमागं चालायला लागलो.

मला जागा मिळाली सर अलेक्स फर्ग्युसन स्टँडमध्ये, खालच्या मजल्यावर. शेजारी सत्तरीच्या पुढचे एक आजोबा. मी बसलो तसं त्यांनी आधी खुर्चीकडं बघितलं, मग माझ्याकडं. "इथं माझा मित्र बसतो," एवढंच म्हणाले. मी चटकन उठायला लागलो, तर खांद्यावर हात ठेवून त्यांनी बसवलं. मित्र आता येत नाही म्हणाले. चाळीसहून जास्त वर्षं दोघं शेजारी बसायचे. ३० डिसेंबरच्या न्यूकॅसलच्या सामन्यानंतर तो आलाच नाही. सीझन तिकिटाचं कार्ड भाच्याकडं दिलंय, भाचा पुढं कुणाला देतो ते त्यांना माहीत नव्हतं.

तो न्यूकॅसलचा सामना मी कोल्हापुरात फोनवर बघितला होता. विसाव्या मिनिटाच्या आत ०-२. तेहेतिसाव्या मिनिटाला तेव्हाचा मॅनेजर आमोरिमनं आपल्या झर्क्झीला बाहेर काढलं आणि आपल्याच लोकांनी त्यावर टाळ्या वाजवल्या, जल्लोष केला. पोरगं मान खाली घालून थेट टनेलमध्ये गेलं. आजोबांचा मित्र त्या टाळ्यांनी उठून गेला. हरण्याचं त्याला काही नव्हतं. १९७४ ला युनायटेड खालच्या डिव्हिजनमध्ये गेली तेव्हाही तो इथंच होता. पण आपल्या माणसाला आपलीच माणसं अशी हाकलतात, हे त्याला बघवलं नाही.

हे ऐकून मला माझी एक गोष्ट आठवली आणि मी ती मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्यांना सांगितली. १९९६ साल. शाहू स्टेडियमवर सेमीफायनल. मला आमच्या कोचनी विसाव्या मिनिटाला काढलं. गॅलरी खच्चून भरलेली, सगळी पेठ बघतेय. मी बूट सोडून भिरकावले आणि सरळ घरी गेलो. संध्याकाळी कोच घरी आले. आईनं चहा ठेवला. त्यांनी चहाचा कप सरकवून फरशीवर खडूनं आमची बचावफळी काढली आणि दाखवलं: तू पुढं जातोस, बरोबर जातोस, पण तुझ्यामागं कव्हर द्यायला मी कुणाला ठेवलंच नव्हतं. म्हणजे चूक माझी, बदलला तुला. पुढच्या सामन्यात मी पूर्ण वेळ खेळलो. ते आता नाहीत. पण फरशीवरचा तो खडू मला अजून दिसतो, आणि मॅनेजर म्हटलं की मी त्याच मापानं मोजतो.

त्या मापानं रुबेन आमोरिम कुठं बसतो, हे मी तो सामना बघताना ठरवत होतो.

न्यायानं बोलायचं तर त्याची बाजू मोठी आहे. क्लबनं २०२४ च्या उन्हाळ्यात आधीचा मॅनेजर टेन हागचा करार वाढवला, खेळाडूंवर प्रचंड पैसा ओतला आणि नऊ लीग सामन्यांनंतर, संघ चौदावा असताना, २८ ऑक्टोबरला त्यालाच काढलं. आमोरिम स्पोर्टिंग लिस्बनमध्ये सुखात होता. तिथं त्यानं १९ वर्षांचा दुष्काळ संपवून २०२१ ला लीग जिंकून दिली होती, २०२४ ला पुन्हा. मोसम संपल्यावर येतो, असं त्याचं म्हणणं होतं. क्लब म्हणाला, आत्ताच. चालत्या मोसमात, तिसऱ्या दिवशी सामना असताना, दुसऱ्यानं जमवलेल्या खेळाडूंना तीन डिफेंडरची पद्धत शिकवायची. माझ्या वर्कशॉपमध्ये कुणी जॉब अर्धा झाल्यावर नवा कारागीर आणून मशीन बदलायला सांगितलं, तर मीही त्याच्याकडून पहिल्या दिवशी माप बरोबर यायची अपेक्षा धरणार नाही. तिकिटं मधूनच ६६ पौंडांची केली, लहान मुलांना नि ज्येष्ठांना सवलत ठेवली नाही. शेकडो कर्मचारी घरी बसवले. हे मालकांचं. ते त्याच्या नावावर टाकणं चूक आहे, आणि आजोबाही तेच म्हणाले.

पण मैदानावर जे दिसतं ते त्याचं.

टीव्हीवर कॅमेरा बॉलमागं पळतो. स्टेडियममध्ये सगळा पट एकदम दिसतो आणि राइट बॅक खेळलेल्या माणसाची नजर आधी कोपऱ्यात जाते. मागचे तिघं आपसात बॉल फिरवत होते. डावीकडून मध्ये, मधून उजवीकडं, परत मध्ये. त्यांच्यापुढं दोघंच मिडफिल्डर, आणि वुल्व्ह्जचे खेळाडू त्या दोघांच्या अंगाला चिकटलेले. विंगबॅक, म्हणजे कडेनं वर-खाली धावणारा खेळाडू, टचलाइनला उभा राहून हात वर करतोय, पण त्याच्यापर्यंत पास जाईस्तोवर समोरचा तिथं पोचलेला. ब्रुनो फर्नांडिस, ज्यानं अख्खा मोसम हा संघ ओढला, तो बॉल मिळावा म्हणून स्वतःच्या डिफेंडरांपर्यंत खाली येतो, आणि मग वर जिथं ब्रुनो हवा तिथं ब्रुनो नसतो. हे पहिल्या दहा मिनिटांत दिसतं. माझ्यासारख्याला दिसतं. पाच महिने झाले, तेच दिसतंय. मग बाजूला उभ्या माणसाला ते दिसत नाही, असं होणारच नाही. त्याला दिसतं आणि तरी तो बदलत नाही, याचा राग येतो. आपल्या पद्धतीवर विश्वास असावा, मान्य. पण कोबी मेनूसारखं घरच्या अकादमीतून आलेलं पोर त्या पद्धतीत नेमकं कुठं बसतं, हे पाच महिन्यांत ठरू नये?

आणि तीनच दिवस आधी याच मैदानावर, गुरुवारी रात्री, युरोपा लीगमध्ये लिऑनविरुद्ध काय झालं होतं! मुलीच्या खोलीवर आम्ही बघत होतो. जादा वेळेत २-४, बाहेर पडल्यातच जमा. आणि शेवटच्या सात मिनिटांत तीन गोल: ब्रुनोची पेनल्टी, मेनू, आणि १२१ व्या मिनिटाला मॅग्वायरचं डोकं. ५-४, दोन्ही सामने मिळून ७-६. आम्ही दोघं बापलेक खोलीत उड्या मारत होतो, खालच्या मजल्यावरच्या माणसानं छताला काठी ठोकली. ते तीन गोल कुठल्या पद्धतीतून आले? मॅग्वायरला सेंटर फॉरवर्डला पाठवला होता. सगळं मोडून, जे सुचेल ते खेळून आले. ते बघितल्यावर रविवारी परत तोच संथ, बॉल नुसता फिरवत बसण्याचा खेळ बघणं फार जड गेलं.

सत्त्याहत्तरावं मिनिट. वुल्व्ह्जची फ्री किक. नुकताच बदली म्हणून आलेला साराबिया. भिंतीवरून बॉल आत. ०-१.

तेव्हाचा आवाज सांगतो. आपल्याकडं गोल खाल्ला की शिव्या, आरडाओरडा, बाटल्या. तिथं शिवी क्वचित ऐकू आली. ऐकू आला तो खुर्च्यांचा आवाज. ओल्ड ट्रॅफर्डच्या खुर्च्या दुमडणाऱ्या आहेत, माणूस उठला की बैठक आपोआप वर जाऊन आपटते. आधी दोन-चार ठिकाणी खट, खट. मग पूर्ण रांगेतून. माणसं कोट चढवत, बोलत नव्हती, पायऱ्या चढत होती. सामना संपायला दहा-बारा मिनिटं होती. शाहू स्टेडियमवर हरल्यावर रात्री कट्ट्यावर कोचला गाठून विचारता येतं, का काढलास, का घेतलास. इथल्या माणसाकडं उठून जाणं एवढंच आहे. मीही रागानं उठलो होतो. आजोबा हलले नाहीत, म्हणून परत बसलो.

त्यांनी मला १९८९ चं सांगितलं. त्या डिसेंबरात याच मैदानावर तेव्हाच्या मॅनेजरला, फर्ग्युसनला, निरोप देणारं बॅनर झळकलं होतं: तीन वर्षं सबबी ऐकतोय, अजून तसंच, तर आता या. "आम्हीही जा म्हणत होतो," आजोबा म्हणाले. महिनाभरात, जानेवारी १९९० मध्ये, नॉटिंगहॅम फॉरेस्टच्या मैदानावर मार्क रॉबिन्सच्या एका गोलनं एफए कपचा सामना जिंकला आणि पुढं १३ लीग विजेतेपदं आली. ही गोष्ट प्रत्येक नव्या मॅनेजरच्या वेळी सांगितली जाते: धीर धरा, फर्ग्युसनला धरला होता.

मला ती तुलना पटत नाही आणि मी आजोबांना तसं बोललो. फर्ग्युसन नोव्हेंबर १९८६ ला आला तेव्हा संघ २२ मध्ये एकविसावा होता. त्यानं तो मोसम अकरावा संपवला आणि पुढच्या पूर्ण मोसमात दुसरा आणला. मग घसरण झाली, खरं आहे. पण लोकांनी आधी एकदा काहीतरी उभं राहताना बघितलं होतं. आमोरिमनं घेतला तेव्हा संघ मधल्या खालच्या फळीत होता आणि त्यानं तो आणखी खाली नेला. जानेवारीत ब्रायटननं घरात ३-१ नं हरवल्यावर तो स्वतः पत्रकारांसमोर म्हणाला की क्लबच्या इतिहासातला हा कदाचित सर्वांत वाईट संघ असेल. प्रामाणिक माणूस आहे, ते मला आवडतं. पण ज्या पोरांना घेऊन पुढचा सामना खेळायचाय त्यांच्याबद्दल असं चारचौघांत बोलतात का? माझे कोच आमच्या घरी चहा पिताना बोलले, कट्ट्यावर कधी बोलले नाहीत.

आजोबांनी सगळं ऐकून घेतलं आणि मैदानाकडं बघत म्हणाले, "तुझं बरोबर असेल. पण मला आता दर दोन वर्षांनी नवीन माणसाचं नाव पाठ करायचा कंटाळा आलाय." २०१३ ला फर्ग्युसन निवृत्त झाला, त्यानंतर मोईस, फान गाल, मौरिन्यो, सोल्शार, टेन हाग. बोटं मोडून त्यांनी मोजले. त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही.

आता टूर. मंगळवारी सकाळची वेळ घेतली. सामन्याच्या दिवशी टूर नसते हे लक्षात ठेवा, आणि ऑनलाइन आधी बुक करा. म्युझियम आणि टूर मिळून तीन तास सहज ठेवा. आमची गाइडबाई मँचेस्टरचीच, आवाज खणखणीत, प्रत्येक प्रश्नाला नीट उत्तर. वीस-पंचवीस जणांच्या घोळक्यात कोरियाचे, नायजेरियाचे, केरळचे लोक होते. म्युझियममध्ये ट्रॉफ्या आहेत, बूट आहेत, जुन्या जर्सी आहेत. ते तुम्ही बघालच, त्यावर लिहीत बसत नाही. म्युनिकचं मात्र सांगतो. ६ फेब्रुवारी १९५८ ला संघाच्या विमानाला तिथं झालेल्या अपघातात २३ माणसं गेली, त्यात ८ खेळाडू. बाहेर भिंतीवर ते घड्याळ आहे आणि दक्षिण स्टँडखाली आठवणीचा बोगदा. तिथं गाइडबाईंनी आवाज खाली केला आणि पोरांची वयं सांगितली. डंकन एडवर्ड्स २१. माझी पोरगी त्याच्याहून मोठी आहे. ती माझा हात धरून उभी राहिली.

१९१० च्या मूळ मैदानातला मधला जुना टनेलच काय तो आता उरलाय, बाकी दुसऱ्या महायुद्धात बॉम्ब पडून गेलं. तो दाखवतात. आपल्याला वाकून बघावंसं वाटतं, चार्लटन, लॉ, बेस्ट हे जुने मोठे खेळाडू याच अरुंद बोळातून धावत बाहेर यायचे.

ड्रेसिंग रूममध्ये प्रत्येकाच्या जागी जर्सी टांगलेली असते, आपण खाली बसायचं. सगळे ब्रुनोच्या जागेसाठी रांगेत. मी झर्क्झीच्या जर्सीखाली बसलो. ठरवून बसलो. ब्रायटनच्या सामन्यानंतर आमोरिमनं इथलाच टीव्ही फोडल्याच्या बातम्या आल्या होत्या, तेही आठवलं. त्या खोलीत राग किती साठत असेल! आणि न्यूकॅसलच्या दिवशी तेहेतिसाव्या मिनिटाला टनेलमध्ये शिरलेल्या त्या पोराला या बाकावर कुणी येऊन काय सांगितलं असेल?

तिथून टनेल, आणि टनेलमधून बाहेर. हिरवळीवर पाय ठेवू देत नाहीत, ठेवूही नये. मैदान कडेला उतरतं आहे, मधला भाग उंच. हे टीव्हीवर कधीच कळलं नव्हतं. बॉल टचलाइनबाहेर गेला की खेळाडू अडखळून खाली का धावतात, ते इथं उभं राहिल्यावर कळतं.

मग डगआउट, म्हणजे मॅनेजर आणि राखीव खेळाडूंची बसायची जागा. लाल गादीच्या खुर्च्या. मी गाइडबाईंना विचारलं, मॅनेजरची कुठली? त्यांनी दाखवली. आणि हसून म्हणाल्या, आज तारीख काय आहे माहीत आहे का? २२ एप्रिल. ११ वर्षांपूर्वी याच तारखेला मोईसला काढलं होतं. ज्याच्यासाठी 'निवडलेला माणूस' म्हणून बॅनर लावलं, त्याच्याच डोक्यावरून मार्च २०१४ मध्ये लोकांनी वर्गणी काढून 'चुकीचा माणूस' असं लिहिलेला पट्टा बांधून विमान उडवलं होतं.

खुर्चीत बसलो. पोरगी फोटो काढायला लागली. मी तिला थांब म्हटलं आणि मैदानाकडं नीट बघितलं, रविवारी वरून जे दिसत होतं ते इथून दिसतं का ते. समोरची बाजू जवळजवळ दिसत नाही. पलीकडच्या टचलाइनवर मैदानकर्मचारी गवताची पाहणी करत चालला होता, त्याचं गुडघ्यापासून वरचंच अंग दिसत होतं. तो आणि मधल्या वर्तुळाच्या कडेला उभा दुसरा, या दोघांत किती अंतर आहे, सांगता येईना. मला स्टँडमधून जो मोकळा पट्टा दिसला होता, विंगबॅकच्या मागचा, तो इथून दिसणं कठीण. हे मी प्रामाणिकपणे लिहितोय, कारण रविवारी रात्री मी मुलीला तावातावानं म्हणालो होतो की त्याला दिसतं आणि तरी तो बदलत नाही. तितकं नाही दिसत. पण सामन्यानंतर त्याच्याकडं व्हिडिओ असतो, वरून काढलेला, आणि सोमवार असतो, मंगळवार असतो. आज मंगळवारच होता.

(हे लिहीपर्यंत मोसम संपला. ४२ गुण, पंधरावा क्रमांक. युरोपा लीगची बिल्बाओची फायनलही टॉटनमकडून ०-१ गेली. म्हणजे २०२५-२६ च्या मोसमात युरोपातली स्पर्धा नाही. तालमीच्या ग्रुपवर त्या रात्री एकानंही मेसेज टाकला नाही.)

टूरला माझ्याकडून पाचपैकी पाच. म्हाताऱ्या आईवडिलांना न्या, पायऱ्या आहेत पण सावकाश घेतात. पोरांना न्याच. सामन्याला गेलात तर शेवटपर्यंत बसा.

आमचा घोळका पुढं सरकला तरी मी खुर्चीतून उठलो नव्हतो. समोर अख्खा फर्ग्युसन स्टँड रिकामा, लाल. पांढऱ्या अक्षरांच्या खालून, जिन्यापासून मी रांगा मोजायला लागलो, आजोबांच्या मित्राची जागा कुठली ते बघायला. नवव्या-दहाव्या रांगेपर्यंत आलो आणि चुकलो. सगळ्या खुर्च्या दुमडलेल्या, सगळ्या सारख्या. पुन्हा खालून सुरुवात केली. "पप्पा, चला, बाई थांबल्यात," पोरगी म्हणाली.